बीपीची गोळी आणि रोमकरांस 8:6 : खुलासा

सगळ्यांना सलाम. रविवारी आपल्या प्रार्थना ग्रुपवर बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या एका वचनावर मीच एक मेसेज टाकला होता. 'रोमकरांस 8:6 प्रमाणे देहाची चिंता म्हणजे मरण, म्हणून आत्मिक मन हवं असेल तर औषधं, कामधंदा यांचा विचार सोडा.' तो चुकीचा आहे. नीट न वाचता पुढे ढकलला, माझी चूक.

मंगळवारी रास्ता पेठेतल्या मावशींकडे गेले, तर बीपीच्या गोळ्यांची पट्टी बायबलमध्ये खूण म्हणून घातलेली! तीन दिवस गोळी बंद. मग मात्र मी वचन उघडून बसले.

आपल्या मराठी बायबलात तिथे नुसता 'देह' नाही, 'देहस्वभाव' आहे. हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाचा मूळ ग्रीक शब्द 'सार्क्स'. त्याचा इथला रोख देवाला न जुमानणाऱ्या वृत्तीवर आहे, हाडामांसावर नाही. गलतीकरांस 5 मध्ये तो त्या वृत्तीची कामं मोजतो: वैर, मत्सर, राग, तट. गोळ्या त्यात कुठेच नाहीत. उलट 1 करिंथकरांस 6:19 मध्ये शरीराला पवित्र आत्म्याचं मंदिर म्हटलंय, आणि कलस्सैकरांस 4:14 मधला पौलाचा सोबती लूक तर वैद्यच.

कामधंद्याचं म्हणाल, तर केडगावला पंडिता रमाबाईंनी प्रार्थनेबरोबर शेती आणि छापखानाही चालवला. त्यांनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर 1924 मध्ये तिथूनच निघालं.

जुना मेसेज कृपया डिलीट करा, पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच माणसांना हा पाठवा. मावशींची गोळी सुरू झाली आहे. खुणेला आता रेशमी फीत दिली.