साडी नेसल्यावर नक्की काय वाटतं? एका ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

तुम्ही नाव दिलेलं नाही, पण 'दोन मुलांची आई, चाळीस वर्षं साडी नेसणारी बाई' अशी ओळख दिली आहे, म्हणून ताई म्हणतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की मी पुरुष आहे, नवरा आहे, बाप आहे, आणि घरात कुणी नसताना कधीकधी साडी नेसतो. त्यावर तुमचं म्हणणं असं: ही विकृती आहे. बालगंधर्वांचं नाव घेऊन तिला सोवळं नेसवू नका. आम्ही जन्मभर सक्तीने नेसलो त्याची तुम्ही बंद दाराआड हौस करता, हा बायकांचा अपमान आहे. बायकोचा काही विचार केलात का? आणि शेवटी, 'तुम्हाला नक्की काय वाटतं ते एकदा सरळ सांगा, आडवळणं नकोत.'

रागावलेली माणसं सहसा निकाल देऊन निघून जातात. तुम्ही प्रश्न विचारलात, म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो.

मला शांत वाटतं.

खोलीचं दार लावतो, कडी पुन्हा एकदा ओढून बघतो, पडदे सारतो. परकराची नाडी घट्ट बांधतो, कारण अख्खी साडी तिच्यावरच उभी राहते, हे तुम्हाला मी सांगायला नको. माझी आवडती साडी म्हणजे गडद हिरवी इरकल. नवी होती तेव्हा निऱ्या धरायची नाही, फुगून राहायची. आता धुऊन धुऊन मऊ झाली आहे. पहिली निरी सरळ पडली की बाकीच्या तिच्यामागून बरोबर येतात. ती वाकडी गेली तर सगळं सोडायचं आणि पुन्हा सुरू करायचं. निऱ्या खोचतो, पदर खांद्यावर घेतो, पिन लावतो. आणि मग विशेष काहीच करत नाही. चहा करून पितो, पुस्तक घेऊन बसतो, कधी मेथी निवडतो. पाऊल आपोआप आखूड पडतं, बसताना हात निऱ्या सावरायला जातो, खांद्यावर पदराचा भार जाणवत राहतो.

सोसायटीतला पाण्याचा पंप बंद झाला की मगच लक्षात येतं, इतका वेळ कानात घरघर चालली होती. माझं तसं होतं. आवाज खालच्या पट्टीत ठेवायचा, हातवारे आवरायचे, रडू गिळायचं, ऑफिसात कुणी अंगावर आलं तर आपणही चढायचं. 'मुलीसारखा काय बसतोस', 'मुळूमुळू काय रडतोस' हे ऐकत वाढलेल्या माणसाच्या अंगात हा ताठपणा इतका मुरलेला असतो की तो आहे हेच कळत नाही. साडी नेसली की तो सुटतो. मान सैल होते, जबडा सैल होतो. तास-दोन तासांनी घडी घालून साडी ठेवून देतो आणि संध्याकाळी सोसायटीच्या मीटिंगला जातो.

आडवळण नको म्हणालात, म्हणून हेही लिहितो. पंधराव्या-सोळाव्या वर्षी यात लैंगिक उत्तेजना होती. नव्हती म्हणालो तर खोटं होईल. माझ्यासारख्या अनेकांचा अनुभव हाच आहे की ती वयाबरोबर ओसरत जाते आणि निवांतपणा तेवढा उरतो. बाई व्हावं असं मला वाटत नाही. ज्यांना मनातून आपण स्त्रीच आहोत असं वाटतं, त्यांची वेदना वेगळी आणि कितीतरी खोल आहे. तिच्यावर मी हक्क सांगणार नाही. मला पुरुषांचंही आकर्षण नाही. मी पुरुष आहे आणि माझ्या शरीराशी माझं भांडण नाही.

शांततेला लागून भीती असते. बेल वाजली की छातीत धस्स होतं. काजळ साबणाने पूर्ण जात नाही, खोबरेल तेलाचा बोळा फिरवावा लागतो, आणि तेवढ्यात कुरिअरवाला दुसऱ्यांदा बेल दाबतो. तुळशीबागेत दोन-दहाच्या मापाच्या बांगड्या मागितल्या की दुकानदार सहज विचारतो, 'वहिनींचा हात मोठा आहे का हो?' मान हलवून पैसे देतो आणि घाम पुसत बाहेर पडतो. लग्नाआधी तर एक चक्रच चालायचं. साडी घ्यायची, नेसायची, मग स्वतःचीच किळस येऊन सगळं गुंडाळून लांबच्या कचराकुंडीत टाकायचं, पुन्हा नाही म्हणून शपथ घ्यायची. काही महिन्यांनी पुन्हा दुकान. हे चक्र जगभरच्या क्रॉसड्रेसर, म्हणजे दुसऱ्या लिंगाचे कपडे घालणाऱ्या, लोकांना ठाऊक आहे. शपथा घेऊन ही ओढ जात असती तर ती आमच्यातल्या प्रत्येकाची केव्हाच गेली असती.

आता सक्तीबद्दल. हा तुमचा मुद्दा मला सर्वात जास्त लागला, आणि तो खरा आहे. माझी आई तापाने फणफणलेली असतानाही साडीतच झोपायची. गाऊन ही तिच्या सासूच्या डोळ्यादेखत घालायची वस्तू नव्हती. पेटत्या स्टोव्हजवळ पदर सांभाळायचा, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात निऱ्या धरून एसटीत चढायचं, हे सगळं तिने केलं. मी साडी उतरवून ठेवतो तेव्हा बाईपणाचं ओझं माझ्यावर राहत नाही. रात्री रस्त्यावर मागे पावलं वाजली म्हणून माझं काळीज धडधडत नाही. हा फरक मी कधी विसरलो तर जरूर कान पकडा.

पण अपमान म्हणाल तर तो मला दुसरीकडे दिसतो. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात पुरुषाला साडी नेसवतात, छातीशी काहीतरी कोंबतात, तो कंबर हलवतो आणि घरं हसतात. तिथे बाईचं शरीर हाच विनोद असतो. माझ्या बंद खोलीत कुणी बाईला हसत नाही. आणखी एक विचारतो. तुमची मुलगी जीन्स-शर्ट घालत असेल. तिला कुणी विकृत म्हणतं का? एके काळी म्हणत. पॅरिसमध्ये १८०० साली हुकूम निघाला होता की बाईला पुरुषी पोशाख करायचा असेल तर पोलिसांचा परवाना हवा, आणि त्या हुकुमाला आता काही अर्थ उरलेला नाही असं फ्रान्स सरकारने अधिकृतपणे सांगायला २०१३ साल उजाडलं. आज बाईने पँट घातली की ती पुढे गेली म्हणतात. पुरुषाने लुगडं नेसलं की तो खाली आला. खाली म्हणजे कुठे, ताई? जिथे बायकांना उभं केलंय तिथेच ना? याचा मला संताप येतो.

बालगंधर्वांबद्दल तुम्ही म्हणता, ती कला होती, तुमचं ते खूळ. दोन्ही एक नाहीत हे मलाही मान्य आहे. १९११ साली 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी घरात मुलीचा मृत्यू झालेला असताना नारायणराव भामिनी म्हणून उभे राहिले. ती नटाची निष्ठा होती, आणि माझ्या चहा पिण्याची त्याच्याशी तुलना करणं मला शोभणार नाही. त्यांच्या नेसण्याची, दागिन्यांची नक्कल त्या काळच्या प्रतिष्ठित घरांतल्या बायका करत. सिंधुदुर्गात आणि गोव्यात दशावतारातल्या स्त्रीभूमिका आजही पुरुष करतात, आणि जत्रेत रात्रभर बसून बायामाणसं त्या बघतात. म्हणजे साडीतला पुरुष आपल्याला नवा नाही आणि नकोसाही नाही. मात्र त्याच्यासमोर प्रेक्षक हवेत आणि पडदा पडला की त्याने धोतर नेसून घरी जायला हवं. गणपत पाटलांनी तर सिनेमात नाच्या रंगवला, घरी ते चारचौघांसारखे संसारी होते. तरी लोकांनी पडद्याबाहेर त्यांची टिंगल करायचं सोडलं नाही. मी बालगंधर्वांचं नाव घेतलं ते एवढ्यासाठी की समोर प्रेक्षक नसताना, कुणाला काही दाखवायचं नसताना पुरुषाला साडी हवीशी वाटली, तर त्याचं काय करायचं हे आपण कधी बोललोच नाही. माझं नेसणं तसं आहे. ते कुणी बघावं अशी माझी इच्छा नाही.

'विकृती'चं उत्तर लांबवत नाही. बर्लिनचे डॉक्टर माग्नुस हिर्शफेल्ड यांनी १९१० मध्ये अशा माणसांवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांनी तपासलेल्या सतरा जणांतले बहुतेक स्त्रियांकडेच आकर्षित होणारे होते. नंतर अनेक दशकं डॉक्टरांनी याला आजारांच्या यादीत ठेवलं, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीच्या अकराव्या आवृत्तीतून, जी २०२२ पासून लागू झाली, ते निदान काढून टाकलेलं आहे. आपला २०१७चा मानसिक आरोग्य कायदाही सांगतो की समाजाच्या नैतिक किंवा सांस्कृतिक कल्पनांत कुणी बसत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही.

राहिली बायको. लग्न ठरण्याआधी मी तिला सगळं सांगितलं होतं. ती बराच वेळ गप्प होती, मग तिने मोजके प्रश्न विचारले आणि विचार करायला वेळ मागून घेतला. आमच्यात काही गोष्टी ठरलेल्या आहेत. तिच्या कपाटाला मी हात लावायचा नाही. मुलं घरात असताना काही नाही. तिला बघायचं नसेल तर तिने बघायचं नाही, त्यावर मी रुसायचं नाही. निऱ्या नीट घालायला मात्र तिनेच शिकवलं, कारण माझं गबाळं नेसणं तिला बघवेना. तिला याचं फार कौतुक आहे असं मी सांगणार नाही. ते आमच्या घरात आहे, जसं तिचं रागावलं की चार दिवस अबोला धरणं आहे, आणि आम्ही दोघं एकमेकांना सोडून कुठे गेलेलो नाही. तुमची प्रतिक्रिया मी तिला वाचायला दिली. ती म्हणाली, 'त्यांना सांग, मला साडीचा त्रास होत नाही. कुणाला कळलं तर काय, याचा होतो.'

मुलगी यंदा बारावीला आहे. परीक्षा झाली की तिला आम्ही दोघांनी बसून सांगायचं ठरवलं आहे, आणि कसं सांगावं यावर आमचं अजून एकमत नाही. बायको म्हणते थोडक्यात सांग, तिला विचारू दे. मला वाटतं सगळं एकदमच सांगून टाकावं. तुम्ही दोन मुलं वाढवली आहेत. माझ्यावरचा राग तसाच राहू दे, पण याबद्दल तुमचं मत असेल तर जरूर लिहा. मला ते हवं आहे.