२० पैकी ११

गेल्या शनिवारी मला भूगोलात २० पैकी ११ गुण मिळाले. माझे वय ४६ आहे, मी बँकेत अधिकारी आहे आणि कागदोपत्री हे गुण माझे नसून सातवीत शिकणाऱ्या माझ्या मुलीचे आहेत. पण ‘भरती-ओहोटी’ हा प्रकल्प रात्री साडेअकरापर्यंत जागून मीच केला होता, समुद्राच्या निळ्या रंगाच्या तीन छटा मीच भरल्या होत्या, आणि शेवटच्या पानावर लाल शाईत ‘चित्रे सुबक. कारणमीमांसा चुकीची. स्वतः अभ्यास करावा’ असा जो शेरा होता, तो वाचताना कानही माझेच तापले. ‘स्वतः’ या शब्दाखाली बाईंनी दोन रेघा ओढल्या होत्या. एकीने भागले असते.

हा प्रकल्प माझ्या गळ्यात कसा पडला, ते सांगायला हवे, कारण त्यात नागरिकशास्त्राचा हात आहे. सातवीच्या मुलांना संविधानाची ओळख करून देतात, उद्देशिका पाठ करून घेतात, हक्क आणि कर्तव्ये शिकवतात, आणि मुले ती घरी येऊन आईवडिलांवर वापरतात. १९७६ साली ४२व्या घटनादुरुस्तीने नागरिकांना दहा मूलभूत कर्तव्ये दिली. तेवढ्यावर भागले नाही म्हणून २००२ साली ८६व्या दुरुस्तीने अकरावे कर्तव्य आले आणि ६ ते १४ वर्षे वयाच्या पाल्याला शिक्षणाच्या संधी उपलब्ध करून देण्याची जबाबदारी थेट पालकांवर पडली. “बाबा, हे तुमचं अकरावं कर्तव्य आहे,” असे म्हणून कन्येने चार्टपेपर माझ्यापुढे पसरला. मी अनुच्छेद २३ काढला, त्यात वेठबिगारीला मनाई आहे. तिने शांतपणे अनुच्छेद २४ काढला: १४ वर्षांखालील मुलांना धोक्याच्या कामाला लावता येत नाही, आणि कागद कापायचे कटर धारदार होते. ज्या घरात आईने हा वाद ऐकून केवळ “जेवण थंड होतं आहे” एवढाच निकाल दिला, तेथे वरच्या न्यायालयात जाण्यात अर्थ नव्हता.

वास्तविक मला या वयातल्या मुलांविषयी मनापासून कीव वाटते. एकाच संध्याकाळी त्या पोरीला १७६१ सालच्या पानिपतावरून उठून जठरातल्या आम्लात उतरावे लागते, तेथून काटकोन त्रिकोणाच्या कर्णावर चढावे लागते आणि पाय टेकतात न टेकतात तोच ‘दही’ हा शब्द मराठीत नपुंसकलिंगी असला तरी हिंदीत पुल्लिंगी का, याचा खुलासा करावा लागतो. आम्ही नागपूरकर रिक्षावाल्याशी, भाजीवाल्याशी आणि फार राग आला तर आपसातही हिंदीच बोलतो. पण बोलताना दह्याचे लिंग विचारायला कोणी येत नाही, हिंदीच्या पेपरात विचारतात. विज्ञानात उष्णतेचे वहन, अभिसरण आणि प्रारण असे तीन प्रकार प्रयोगांसह शिकवतात. मे महिन्यात दुपारी दोनला उन्हात उभ्या असलेल्या दुचाकीच्या सीटवर बसलेल्या नागपूरच्या मुलाला या तिन्हींची एकत्रित ओळख आधीच झालेली असते, पण तो अनुभव उत्तरपत्रिकेत लिहिला तर गुण मिळत नाहीत.

गुण कशाला मिळतात हेच मला अजून समजलेले नाही. परवा गणिताच्या गृहपाठात ‘५००० रुपये द.सा.द.शे. ८ दराने २ वर्षांसाठी बँकेत ठेवले, तर व्याज किती?’ असा प्रश्न होता. एकवीस वर्षे याच धंद्यात असलेला माणूस घरात असताना मुलीने तो मला विचारला, हे योग्यच झाले. मुदत ठेवीवर बँक तिमाही चक्रवाढीने व्याज देते, म्हणून मी प्रामाणिकपणे आठ तिमाह्या मोजल्या आणि ८५८ रुपये ३० पैसे असे उत्तर दिले. धड्याचे नाव ‘बँक व सरळव्याज’ होते, हे मी पाहिले नव्हते. उत्तर ८०० होते. वहीवर लाल फुली आली आणि कन्येने मला, ज्याच्या सहीने ठेवीच्या पावत्या निघतात त्या मला, “बाबा, तुम्हाला व्याज येत नाही का?” असे विचारले. मी बँकेची बाजू मांडू लागलो, तेव्हा ती म्हणाली की धड्यातली बँक वेगळी आहे. हे तिचे म्हणणे खरे आहे आणि तेच मला खटकते. सातवीतले विषय म्हणजे जुन्या वाड्यातले भाडेकरू आहेत. एकाच अंगणात राहतात, एकाच नळावर पाणी भरतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. काटकोन गणितात शिकवला जातो, भूगोलात तोच काटकोन अष्टमीच्या रात्री आकाशात दिसतो, आणि दोघांची ओळख करून देण्याची तसदी कोणीही घेत नाही. माझी ती ओळख शनिवारी झाली, आणि जशी झाली तशी शत्रूचीही होऊ नये.

भरती-ओहोटीविषयी नागपूरच्या माणसाचे अज्ञान क्षम्य मानावे, अशी माझी भूमिका होती. आमच्याकडे फुटाळा तलावाच्या काठाला चौपाटी म्हणतात, पण तेथे पाण्यापेक्षा मक्याच्या कणसांची वर्दळ अधिक असते. समुद्राकडे जाण्यासाठी सरकारने ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग बांधला, तोही समुद्राच्या अलीकडे ठाणे जिल्ह्यात आमणे येथे येऊन थांबतो. अशा गावात राहून मी जे लिहिले ते असे होते: ‘पौर्णिमेला चंद्र पूर्ण असल्यामुळे त्याचे आकर्षण सर्वाधिक असते व उधाणाची भरती येते. अमावस्येला चंद्र नसल्यामुळे समुद्र शांत असतो.’ हे मी पुस्तक न उघडता लिहिले होते, कारण वाक्य लिहिताना इतके बरोबर वाटत होते की उघडण्याची गरजच भासली नाही.

पालकभेटीला वर्गाबाहेरच्या लांब व्हरांड्यात मुलांच्या बुटक्या बाकांवर आम्ही पालक गुडघे हनुवटीला टेकवून बसलो होतो. माझ्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ होते. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, मांडीवर कापडी पिशवी, आणि दुसऱ्याच्या कागदात डोकावण्याची अशी सहजता, की ती नोकरीत कमावलेली असणार हे मला लगेच कळले. सरकारी पाणीखात्यात ३४ वर्षे काढली, असे त्यांनी न विचारता सांगितले आणि माझ्या हातातला प्रकल्प विचारून घेतला, म्हणजे आधी घेतला आणि मग विचारले. पहिले पान पाहून त्यांनी मान डोलावली. शेवटच्या पानावर ते थांबले.

“अमावस्येला चंद्र जातो कुठं, भाऊ? सुटीवर?”

मी म्हणालो, की तो दिसत नाही.

“दिसत नाही म्हणजे राहत नाही? तुमचा साहेब दौऱ्यावर गेला तर पगार थांबते का?”

एवढ्यावर विषय संपायला हरकत नव्हती. पण काकांना प्रात्यक्षिकाची हौस होती. “उभे रहा न भाऊ,” म्हणून त्यांनी मला उठवले, व्हरांड्याच्या एका टोकाला नेले आणि पिशवीतून एक भले मोठे संत्रे काढून माझ्या हातात दिले. “काटोलचं आहे, आपल्या वावरातलं, मृग बहाराचं. साखर आहे साखर. तुमची तब्येत भरल्यासारखी आहे, तुम्ही सूर्य व्हा. हात वर धरा, लोकांना दिसला पाहिजे सूर्य.” स्वतः ते पृथ्वी झाले आणि दहा पावलांवर जाऊन उभे राहिले. चंद्राची पंचाईत होती. तेवढ्यात शाळेचा शिपाई किटलीत चहा घेऊन बाईंच्या खोलीकडे निघाला होता, त्याला त्यांनी वाटेतच कक्षेत ओढले.

“तू आमच्या दोघांच्या मधात ये. ही झाली अमावस्या. पहा भाऊ, सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत. दोघंही एकाच बाजूनं ओढून राहिले. पाणी चढते. उधाण. आता तू माझ्या पाठीमागं जा. ही पौर्णिमा. अजूनही रेष तीच, उधाण तेच. पूर्ण दिसण्याचा अन् ओढण्याचा काही संबंध नाही.”

“साहेब, चहा थंडा होऊन राहिला,” चंद्र म्हणाला.

“थांब न बे. आता त्या पाण्याच्या नळापाशी जा. पहा, काटकोन झाला. ही अष्टमी. सूर्य एकीकडं ओढते, चंद्र दुसरीकडं. उधाण नाही, भांगाची भरती. पाणी कमी चढते, कमी उतरते.”

मी हात खाली घेऊ लागलो, तसे त्यांनी मला परत वर धरायला लावले, कारण माझ्या मनात पुढची शंका आली असणार असे त्यांनी गृहीत धरले होते: सूर्य एवढा अजस्र असताना समुद्रावर चंद्राचे राज्य कसे? “सूर्य म्हणजे दिल्लीचा मंत्री. चंद्र म्हणजे गल्लीतला नगरसेवक. नळाला पाणी नाही आलं तर तुम्ही कोणापाशी जाता?” मी कोणाकडेच जात नाही, टँकर बोलावतो, असे सांगणार होतो, पण “नगरसेवकापाशी!” असे नळाजवळून चंद्रानेच उत्तर दिले आणि प्रथमच तो प्रसन्न दिसला. काकांनी त्याला शाबासकी दिली आणि अंतर वाढले की भरतीची ओढ झपाट्याने घटते, म्हणून सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही थोडा कमी भरतो, असा हिशेब सांगितला. आता व्हरांड्यातले सगळे पालक वळून पाहत होते. दोघांनी तर वह्या मिटल्या होत्या.

“आणि एक लक्षात ठेवा,” काका आवाज चढवून म्हणाले, “भरती रोज एकाच वेळेला येत नाही. का? कारण हा चंद्र रोज ५० मिनिटं उशिरा येते.”

“नाही साहेब, मी साडेदहालाच येतो. रजिस्टर पाहून घ्या,” शिपाई घाबरून म्हणाला आणि किटली घेऊन कक्षा सोडून गेला.

चंद्र गेल्यावर खेळ संपला असे मला वाटले. पण हात अवघडल्यामुळे म्हणा किंवा सूडबुद्धीने म्हणा, मी काकांना एक प्रश्न विचारला. तो माझा नव्हता, प्रकल्प करताना मुलीने मला विचारलेला होता. चंद्र जर एका बाजूला आहे, तर भरती पृथ्वीच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी का येते? पलीकडच्या पाण्याला कोण ओढते? काका थांबले. त्यांनी टोपी सारखी केली. “केंद्रोत्सारी बल,” ते म्हणाले आणि दाखवण्यासाठी पिशवी हातात धरून जागेवरच एक गिरकी घेतली. त्यातून दोन संत्री उडाली, एक बाकाखाली गेले, दुसरे मुख्याध्यापकांच्या खोलीच्या दारापर्यंत घरंगळत गेले. ती वेचून परत आल्यावर ते जरा दम खाऊन म्हणाले, “ते परीक्षेत येत नाही.”

हे वाक्य मला लागले, कारण त्या रात्री मुलीला मीही हेच उत्तर दिले होते. घरी आल्यावर मी वाचून काढले, पाच मिनिटेही लागली नाहीत. जवळच्या पाण्याला चंद्र सर्वांत जोराने ओढतो, पृथ्वीच्या मध्याला त्याहून कमी आणि पलीकडच्या पाण्याला सर्वांत कमी. म्हणून अलीकडचे पाणी पुढे झेपावते, पलीकडचे मागे राहते, आणि दोन्हीकडे फुगवटा येतो. फुटाळा तलाव एवढासा, त्याच्या दोन काठांवरच्या ओढीत फरक पडायला जागाच नाही, म्हणून त्याला भरती येत नाही. सातवीच्या मुलीला हा प्रश्न पडतो, आणि तिच्याभोवतीची दोन मोठी माणसे, एक बँकेचे आणि एक पाणीखात्याचे, तिला परीक्षेत काय येते ते सांगतात.

“तुमच्या नातवाला किती मिळाले?” मी काकांना विचारले. खरे म्हणजे विचारायला नको होते.

“अठरा.” त्यांनी खिडकीतून दिसणाऱ्या थर्मोकोलच्या समुद्राकडे बोट दाखवले. त्यात दिव्याचा सूर्य होता आणि कळ दाबली की चंद्र फिरत होता. “बर्डीवर तयार मिळते. साडेतीनशे सांगतात, तीनशेत देतात. टाईम कोणाला आहे, भाऊ?”

इतके खगोलशास्त्र जाणणाऱ्या माणसाने ते नातवाला न सांगता तीनशे रुपयांना विकत आणले, आणि मला मात्र भर व्हरांड्यात फुकट शिकवले. ज्या बाईंनी माझ्या ‘स्वतः’खाली दोन रेघा ओढल्या, त्यांना तो दुकानातला चंद्र स्वतः केलेला वाटला असेल का, हे विचारण्याचे माझ्या मनात होते, पण आमचा क्रमांक येईपर्यंत घंटा झाली आणि सही करून निघावे लागले.

गाडीवर मागे बसल्यावर कन्या बराच वेळ गप्प होती. शंकरनगरच्या सिग्नलला तिने विचारले, “बाबा, तुम्ही व्हरांड्यात हात वर करून का उभे होता? माझ्या मैत्रिणी विचारत होत्या, तुझ्या बाबांना शिक्षा झाली का म्हणून.”

“तू काय सांगितलंस?”

“हो म्हणाले. प्रकल्प चुकला ना.”

घरी आल्यावर ते काटोलचे संत्रे सोलून मी निम्मे तिला दिले. आंबट निघाले.