दादर पेरायच्या आधी विचारा

जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या चोपड्यात बदली होऊन आलेला माणूस महिना-दोन महिन्यांत मला विचारतोच, "मॅडम, इथे सेंद्रिय धान्य कुठे मिळतं?" शाळेतल्या नव्या शिक्षिका विचारतात, बँकेतले साहेब विचारतात, पुण्याहून माहेरी आलेली माझी जुनी विद्यार्थिनी बाळाला काय भरवू म्हणून विचारते. इतकी वर्षं मी दोन-चार गावांची नावं सांगायचे आणि मोकळी व्हायचे. यंदा मी त्यांनाच उलट विचारते, "कधी हवंय?" कारण मागच्या वर्षभरात एक गोष्ट मला पक्की कळली आहे. आपण पिशवी घेऊन शोधायला निघतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. आपल्या भागात चांगलं धान्य पेरणीच्या आधी मागावं लागतं, आणि मागताना हातात इसार असावा लागतो.

सुरुवात एका पाकिटापासून झाली. दोन वर्षांपूर्वी जळगावला नणंदेकडे गेले होते. तिने कौतुकाने सेंद्रिय ज्वारीच्या पिठाचं पाकीट काढलं. मागे हिरवा शिक्का, आत गिरणीचं बारीक पीठ, आणि भरल्याचा पत्ता दुसऱ्या राज्यातला. शिक्का खोटा होता असं मी म्हणत नाही. पण भाकरी थापायला घेतली तर काठाला चिरा पडायला लागल्या. पुन्हा मळलं, पाणी आणखी गरम घेतलं, तरी तेच. माझ्या आईने आयुष्यभर दादरीची, म्हणजे आपल्या इथल्या ज्वारीची, भाकरी केली. परातीत थापताना ती फिरत फिरत ताटाएवढी व्हायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुधात कुस्करली तरी मऊ असायची. कळण्याची करायची तेव्हा चार भाग दादर आणि एक भाग अख्खे काळे उडीद मिठासकट दळून आणायची. ज्या जिल्ह्यात ही दादर पिकते, तिथल्या घरात शेकडो किलोमीटरवरून ज्वारीचं पीठ येतं, तेही जास्त पैसे मोजून, हे मला त्या दिवशी फार लागलं.

दादर म्हणजे काय, हे बाहेरून आलेल्यांसाठी सांगते. तापीकाठच्या भारी काळ्या जमिनीत होणारी ही आपली रब्बी ज्वारी. पावसाळ्यात रान मोकळं ठेवायचं, किंवा फार तर मूग-उडीद काढून घ्यायचा. वखराच्या पाळ्या देऊन ओल धरून ठेवायची आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पेरायची. त्यानंतर वरून पाणी नाही. जमिनीच्या पोटातल्या ओलीवर आणि थंडीवर ती माणसाच्या डोक्याच्या वर जाते. पाणीच द्यायचं नाही म्हटल्यावर युरियाही फारसा कोणी फेकत नाही. बियाण्याला औषध चोळलं तर चोळलं, पुढे फवारणीचा पंप त्या रानात क्वचितच जातो. एवढ्या उंच पिकात फवारायला जाणार तरी कोण? म्हणजे जे आपण शहरात शिक्का बघून शोधतो, ते इथे बिनशिक्क्याचं वर्षानुवर्षं पिकत आलंय.

मग मिळत का नाही? हे विचारायला मी तापीकाठच्या एका गावात गेले. माझ्या वडिलांचे जुने स्नेही आहेत तिथे, आम्ही त्यांना जिभाऊ म्हणतो. ओसरीवर दोन पोती होती. मी म्हटलं, जिभाऊ, यातली एक द्या ना. ते हसले नाहीत की रागावले नाहीत, पोत्यावर हात ठेवून म्हणाले, "हाई घरनी दादर शे ताई, इकानी नही." घरची आहे, विकायची नाही.

नंतर चहा घेताना त्यांनी जे सांगितलं ते मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. कपाशी लावायची म्हटली तर बियाणं, खत, औषध सगळं कृषी केंद्रातून उधार मिळतं, कापूस आला की वळतं होतं. दादरीला कोणी उधार देत नाही, कारण तिला विकत घ्यावं लागतं असं काही नसतंच. खरिपात रान अडकवायचं, त्याचं उत्पन्न सोडायचं, जानेवारी-फेब्रुवारीत पाखरं राखायची, उंच पिकाची कापणी करायला मजूर शोधायचे, आणि बाजारात गेलं की भाव कुठल्याही ज्वारीचा. वेगळा भाव कोण देतो? म्हणून घरापुरती एक-दोन बिघे. बाकी रानात कपाशी, पाणी असेल तिथे केळी. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, हिशेब होता. आणि त्या हिशेबात खाणारा, म्हणजे मी, कुठेच नव्हते.

प्रमाणपत्राबद्दल लोक फार गोंधळलेले असतात, म्हणून तेवढं सांगून टाकते. आपल्याकडे दोन वाटा आहेत. एक एनपीओपी, म्हणजे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम, २००१ पासूनची, त्यात बाहेरची संस्था तपासणी करून प्रमाणपत्र देते. निर्यातीला ही लागते आणि लहान शेतकऱ्याला एकट्याला परवडत नाही. दुसरी पीजीएस, म्हणजे सहभागातून हमी, यात गावातले किमान पाच शेतकरी गट करतात आणि एकमेकांची शेतं तपासतात. रासायनिक शेती सोडल्यापासून हंगामी पिकाला साधारण दोन वर्षं, फळबागेला तीन वर्षं रूपांतराची धरतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१७ चे सेंद्रिय अन्नाचे नियम आहेत, त्यावरच 'जैविक भारत'चा शिक्का मिळतो. पण त्याच नियमांत एक सवलत आहे जी कोणी सांगत नाही. लहान शेतकरी किंवा शेतकऱ्यांचा लहान गट स्वतः पिकवलेलं थेट खाणाऱ्याला विकत असेल तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. म्हणजे जिभाऊंनी मला शिक्क्याशिवाय सेंद्रिय म्हणून दादर द्यायला कायद्याची आडकाठी नाही. तिथे शिक्क्याची जागा मी घ्यायची असते, शेतात जाऊन बघून.

आणि कृपा करून भौगोलिक मानांकनाला सेंद्रिय समजू नका. जळगावची केळी, जळगावची भरताची वांगी, नवापूरची तूरडाळ, तिघांना २०१६ मध्ये मानांकन मिळालं, मला अभिमान आहे. पण ते मानांकन माल कुठला आणि कसल्या गुणाचा हे सांगतं, त्यावर काय फवारलं हे सांगत नाही.

वांग्याचंच घ्या. हिवाळ्यात आपल्याकडे भरिताचा जोर. शेतात काट्या-पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजायची, ठेचायची, कांद्याची पात, हिरव्या मिरच्या, वर शेंगदाणे. त्या हिरव्या-पांढऱ्या वांग्याला शेंडा आणि फळ पोखरणारी अळी लागते आणि तिच्यापायी वांग्यावर जेवढी फवारणी होते तेवढी फार थोड्या भाज्यांवर होत असेल. मागच्या डिसेंबरात आठवडी बाजारात एक म्हातारी माय गोणपाटावर वीसेक वांगी घेऊन बसली होती. माझ्या शेजारची बाई एकेक वांगं उचलून देठाजवळ बघायची, टिकलीएवढं भोक दिसलं की परत ठेवायची. मायने शेवटी एक भोकाचं वांगं घेतलं, विळीवर मधोमध चिरलं आणि समोर धरलं. एका बाजूला बोटभर तपकिरी वाट, अळी कधीच निघून गेलेली, बाकी सगळा गर पांढराशुभ्र, बिया कोवळ्या. म्हणाली, "एवढं काढी टाक ना माय, बाकी चांगलं शे." ती बाई पुढच्या दुकानातून चकचकीत वांगी घेऊन गेली. भोक पडलं म्हणजे फवारलं नाही, असं अजिबात नसतं, फवारलेल्यालाही भोकं पडतात. पण एकही भोक खपवून घेणार नाही असं गिऱ्हाईक ठरवतं, तेव्हा पंप पाठीवर घ्यायला लावणारं ते गिऱ्हाईकच असतं. मी त्या दिवशी भोकाची वांगी निवडून घेतली आणि मायने मागितले तेवढे पैसे दिले.

केळीबद्दल थोडक्यात. रावेर-यावल-चोपड्याच्या पट्ट्यात राहून घरी पिकवलेलं केळं खायला मिळत नाही, याचं वाईट वाटतं. कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे हे सगळ्यांना माहीत आहे. ओळखीच्या बागेतून कच्ची फणी आणा आणि घरी पोत्यात गुंडाळून ठेवा, एवढंच सांगेन.

सातपुड्याचं मात्र जास्त सांगायला हवं. मे महिन्यात एका लग्नाच्या निमित्ताने नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडे गेले होते. वाटेत पाड्यापाड्यावर, अंगणात, खडकावर, जिथे ऊन तिथे कैरीच्या फोडी वाळत घातलेल्या. आमचूर. पावरा आदिवासी बायका सकाळपासून कैऱ्या सोलत होत्या, बोटांची कातडी आंबटाने पांढरी पडून सोललेली. एका बाईने मला हात दाखवला तेव्हा मला तो धरवेना. वळवाची सर आली की फोडी काळ्या पडतात आणि भाव पडतो, म्हणून आभाळ भरून आलं की सगळं घर धावतं. हा माल व्यापारी किलोवर घेतो, खाली येता येता त्याचं नाव-गाव पुसलं जातं, आणि शहरात डबीत भरून जो आमचूर मिळतो त्यावर ना धडगाव असतं ना ती बाई. मोलगीची भगर, नवापूरची तूर यांचंही तेच. तिथले कितीतरी शेतकरी रासायनिक खत कमीच वापरतात. सेंद्रिय माल सगळ्यात जास्त तिथे आणि भाव सगळ्यात कमी तिथे. न्याय्य व्यापाराची गोष्ट करायची तर आपल्याकडे ती सातपुड्यापासून सुरू करावी लागेल.

न्याय्य व्यापार म्हणजे फेअर ट्रेड, त्याचे शिक्के परदेशात कॉफी-चहा-कापसावर असतात. त्यातली किमान हमीभावाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. मला भावली ती दुसरी अट. पुष्कळ मालांच्या बाबतीत उत्पादकाने मागितलं तर खरेदीदाराने कराराच्या रकमेतले ६० टक्क्यांपर्यंत पैसे आगाऊ द्यायचे असतात. सातपुड्याच्या पलीकडे, मध्य प्रदेशातल्या निमाडात, खरगोन जिल्ह्यात, १९९० च्या दशकापासून सेंद्रिय कापूस पिकवणारे शेतकरी आहेत, त्यांना खरेदीची हमी आणि वर जादा भाव मिळत आला आहे. डोंगराच्या त्या बाजूला कापसाला जे जमलं ते या बाजूला दादरीला का जमू नये, असं माझ्या मनाने घेतलं.

म्हणून मागच्या श्रावणात आम्ही बारा घरं जमवली. आमची गल्ली, शाळेतले चार सहकारी, दोन डॉक्टर. जिभाऊंनी दोन एकर दादर पेरायची, एकरी सहा क्विंटल धरून बारा क्विंटल, प्रत्येक घराला एक. भाव क्विंटलला साडेचार हजार, निम्मे पेरणीला, निम्मे धान्य घरी आल्यावर. रासायनिक खत नाही, फवारणी नाही, आम्ही केव्हाही शेतात येणार. जिभाऊंनी आधी दोनदा विचारलं, "नक्की ना?" मग पैसे मोजून धोतराच्या घोळात ठेवले.

जानेवारीत सगळे हुरड्याला गेलो. पोरांनी पहिल्यांदा मचाण पाहिलं, गोफण फिरवून पाहिली. डॉक्टरीणबाईंनी कणीस हातावर चोळून दाणे तोंडात टाकले आणि बराच वेळ बोलल्याच नाहीत. तो दिवस मी विसरणार नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात कापणीला आलेल्या पिकावर दोन रात्री अवकाळी पाऊस आला. वाऱ्याने निम्मं रान लोळलं. जिभाऊंनी काळी पडलेली कणसं वेगळी काढली, चांगली तेवढीच मळली. घरटी एक क्विंटल म्हटलं होतं, वाट्याला सत्तर किलो आले आणि दाण्यावर थोडी राखी झाक होती. भाकरी मात्र तीच, दुसऱ्या दिवशी मऊ. नऊ घरांनी घेतली. तीन घरांनी इसार परत मागितला. "पांढरी ज्वारी ठरली होती," असं मला तोंडावर सांगितलं.

जिभाऊंनी परत केला. काही बोलले नाहीत, कुठून आणले तेही सांगितलं नाही. मी ते पैसे पोचवायला गेले तेव्हा मला त्या तिन्ही दारांत उभं राहायची लाज वाटत होती. ही माणसं वाईट नाहीत. पाकिटावर सेंद्रिय लिहिलेलं बघून तीच माणसं दुप्पट पैसे देतात. पण पाकिटात पाऊस पडलेला कधी दिसत नाही, तो आधीच कोणाच्या तरी अंगावर पडून गेलेला असतो. शेतकऱ्याशी थेट व्यवहार केला की तो पाऊस आपल्याही ताटात येतो. ते मान्य नसेल तर आपल्याला सेंद्रिय हवंय, शेतकरी नकोय.

चूक माझीही होती. मी व्यवहार क्विंटलवर ठरवला होता. यंदा वहीत वेगळं लिहिलंय: दोन एकरांत जे पिकेल त्याचा बारावा हिस्सा प्रत्येक घराचा, भरपूर आलं तर भरपूर, कमी आलं तर कमी. रक्कम तीच राहणार. दाण्याचा रंग बघून कोणी मागे फिरायचं नाही. इसार निम्मा, पेरणीच्या आधी. मुगापाठोपाठ दादर घ्यायची, आणि कळण्यासाठी उडीद हवा असेल तर त्यांच्या भावाच्या रानातला मिळेल, त्याचे पैसे वेगळे.

जिभाऊंना फोन केला तेव्हा ते लगेच हो म्हणाले नाहीत. म्हणाले, मूग तोडून होऊ द्या, मग बघू, बारा घरं असली तरच रान अडकवतो. रास्त आहे. बुधवारी शाळा सुटल्यावर मी वही घेऊन जाणार आहे. आज रात्रीपर्यंत नऊ नावं आहेत.