ठमीचा वाढदिवस, एक गोगलगाय आणि चाळीस सेकंदांचा व्हिडिओ

सकाळपासून तीनदा फोन हातात घेतला आणि तीनदा खाली ठेवला. नातेवाइकांच्या ग्रुपवर उत्तर दिलं असतं तर शब्दाला शब्द वाढला असता, म्हणून इथे लिहितोय. ज्यांच्यासाठी लिहितोय ते वाचतीलच.

काल आमच्या ठमीला पाच वर्षं पूर्ण झाली, सहावं लागलं. संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये वाढदिवस होता. केक कापायच्या वेळी ठमी टेबलाखाली जाऊन बसली. कुणीतरी टेबलावरची चादर वर करून तिचा व्हिडिओ काढला. चाळीस सेकंदांचा. आज सकाळी तो ग्रुपवर आला. वर लिहिलेलं, 'आमची लाजाळू बर्थडे गर्ल', आणि खाली ओळीनं हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे. दुपारपर्यंत सल्ले सुरू. "एकुलती एक आहे ना, लाडावून ठेवलीय." "माणसांत सोडा तिला जरा." "आत्ताच हे, तर शाळेत कसं होणार?" एका मामांनी तर थेट नोकरीच्या मुलाखतीपर्यंत मजल मारली. पाच वर्षांच्या पोरीची मुलाखत!

व्हिडिओत ती रडत नाहीये. कान झाकून बसलीय. एका हाताचा पंजा एका कानावर, दुसऱ्या हाताची मूठ दुसऱ्या कानावर, आणि मुठीत कापूस. त्या कापसाचं पुढे सांगतो.

आधी गोगलगायीचं. काही जणांना मी हे फोनवर सांगितलंय, तरी परत ऐका.

जूनचा शेवटचा आठवडा. सकाळी शाळेच्या व्हॅनसाठी आम्ही दोघं गेटकडे निघालो होतो, रिपरिप पाऊस. गेटच्या आत जिथे गाड्यांचा उतार संपतो तिथे रस्त्याच्या मधोमध एक शंखी गोगलगाय, चांगली लिंबाएवढी, या कडेच्या झुडपांकडून त्या कडेला निघालेली. वरून एक पांढरी गाडी येत होती. माझ्या हातातला हात सुटला. ठमी गाडीच्या समोर जाऊन उभी राहिली. पिवळ्या रेनकोटची बाही कोपरापर्यंत घसरलेली, हात वर, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "काका, थांबा. ती मधोमध आहे."

गाडी थांबली. मागे स्कूटर थांबली, तिच्यामागे दूधवाला. वॉचमनकाका छत्री घेऊन आले. आठ मिनिटं लागली त्या गोगलगायीला. ठमी जागची हलली नाही. (गाडीसमोर धावायचं नसतं हे तिला त्याच दिवशी बसवून समजावलंय, काळजी नसावी.)

ही पोर लाजाळू?

आपल्याकडे अशा मुलांसाठी शब्दांची कमी नाही. बुजरी. घुमी. एकलकोंडी. माणूसघाणी. मुलाच्या तोंडावर, त्याला ऐकू जाईल असं म्हणतो आपण हे. मूल घुमं असतं, बहिरं नसतं. आणि जी मुलं आल्याआल्या पाहुण्यांच्या मांडीवर चढतात, कविता म्हणून दाखवतात, नाचून दाखवतात, ती 'धीट', ती 'हुशार'. असतीलही, मला त्यांचं कौतुकच आहे. पण 'दाखव' हा शब्द काढून घेतला तर आपल्या घरांत मुलांशी बोलायला काय उरतं, सांगा. म्हणून दाखव. करून दाखव. काकूंना टाटा करून दाखव.

वाढदिवस एवढा मोठा का केला, तेही सांगतो. ठमी 2020 च्या ऑगस्टमधली. पुण्यात तेव्हा कोरोनानं काय केलं होतं, इथे असणाऱ्यांना सांगायला नको. दवाखान्यात मला लेक दाखवली ती काचेपलीकडून, नर्सच्या तोंडावर दोन मास्क. बारसं व्हिडिओ कॉलवर झालं. आई गावाकडे, लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात. तिनं तिथून मोबाइलसमोर बसून पाळणा म्हटला आणि मध्येच नेटवर्क गेलं. पहिला वाढदिवस आम्ही तिघांनीच केला, दुसराही जवळजवळ तसाच. मनात राहून गेलं होतं, पोरीचं काही झालंच नाही. म्हणून पाचवा दणक्यात करायचा ठरवला. ऐंशी माणसं, दोन मजली केक, फुग्यांची कमान, फोटोवाला, आणि माईक घेऊन मुलांना खेळ खेळवणारा एक मुलगा.

सकाळ मात्र फार छान गेली. आई आठ दिवसांपासून इथे आहे. तिनं पाटाभोवती रांगोळी काढली, ठमीला न्हाऊ घातलं, नवा परकर-पोलका. निरांजन, सुपारी, अंगठी. ओवाळून झाल्यावर आईनं तिच्या डोक्यावर कापूस ठेवला आणि म्हणाली, "कापसासारखी म्हातारी हो." ठमीनं कापूस काढून हातात घेतला, बोटांनी पिंजला, आजीच्या केसांना लावून बघितला आणि म्हणाली, "तू झालीस तशी?" आई म्हणाली, "हाव, मी झाले तशी." मग ठमीनं आजीला पाटावर बसवलं. बायकोनं ताट धरलं आणि ठमीनं आजीला ओवाळलं, उलट्या बाजूनं. पाच मिनिटं घरात कुणी काही बोललं नाही. याचा व्हिडिओ कुणी काढला नाही, बरं झालं.

तोच कापूस दिवसभर तिच्या मुठीत होता.

आणि संध्याकाळी मी तिला त्या हॉलमध्ये नेलं. स्पीकर एवढा मोठा की छातीत धडधडत होतं. आल्याआल्या गालगुच्चे. "नाव काय तुझं? अरे, नाव नाही का सांगता येत?" पंधरा-वीस जणांनी तरी विचारलं असेल, आणि नाव तर मागे फुग्यांवर हातभर अक्षरांत लिहिलेलं. माईकवाल्यानं तिला खुर्चीवर उभं केलं, "बर्थडे गर्लसाठी जोरदार टाळ्या, आता बर्थडे गर्ल आपल्याला डान्स करून दाखवणार." ती माझ्याकडे बघत होती. आणि मी, जो आता एवढं लिहितोय, मी तिला म्हणालो, "कर ना बेटा, थोडासा." मग केकवरची ती फटाक्यासारखी मेणबत्ती पेटवली. मी तिचा हात धरून सुरीवर ठेवला, तिनं तो काढून घेतला, मी परत धरला. तेवढ्यात कुणीतरी कागदाचे तुकडे उडवणारी नळी फोडली, धाडकन. ती खुर्चीवरून उतरली आणि टेबलाखाली गेली.

कुठे जाणार होती सांगा. दरवाजा लांब होता.

त्या गोगलगायीच्या वेळीही मी तिचा हात ओढत होतो. हे मी फोनवर कुणाला सांगितलं नव्हतं. "ठमी, व्हॅन जाईल, चल, लोक थांबलेत" असं चार वेळा म्हणालो. तिनं एकदाच माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बाबा, तिला घाई करता येत नाही." गाडीवाल्या काकांना मी ओळखतही नाही. त्यांनी इंजिन बंद केलं, काच खाली घेतली आणि गप्प बसून राहिले. एक हॉर्न नाही. मला ते जमलं नाही, त्यांना जमलं.

माझी आई औसा तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका होती, बत्तीस वर्षं. काल रात्री हॉलमधून आल्यावर ती मला काही बोलली नाही. सकाळी व्हिडिओ आल्यावर बोलली. म्हणाली, "आरं, माझ्याकडं एक लेकरू होतं. आत यायचंच नाही. दारात उभं राहायचं, एक पाय उंबऱ्यावर. मदतनीस म्हणायची ओढून आत घेऊ. म्या म्हणलं, नगं. खिचडी दारात दिली, गाणी दाराकडं तोंड करून म्हणलं. आषाढात नाव घातलं होतं त्याचं. दसऱ्यानंतर एक दिवस आपलं आपण आलं आन् माझ्या पदराला धरून बसलं. मग जाईना घरी."

तिच्या प्रशिक्षणात त्यांना बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याबद्दल शिकवलं होतं, ते तिला अजून तोंडपाठ आहे. ताराबाईंनी 1945 मध्ये डहाणूजवळ बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा गरीब वस्त्यांतली मुलं बालवाडीत येईनात. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, म्हणून अंगणवाडी. पुढे कोसबाडला आदिवासी मुलं गुरं राखायला जायची, शाळेत येणं शक्य नव्हतं, तर शाळाच कुरणात गेली. सरकारची अंगणवाड्यांची योजना आली ती 2 ऑक्टोबर 1975 ला, कितीतरी नंतर. आई म्हणते, "नावातच हाय ना सगळं. लेकराच्या अंगणात आपण जायचं आसतं." गावोगावच्या बायकांनी तुटपुंज्या मानधनावर हे वर्षानुवर्षं केलं. आणि आम्ही शिकलेली माणसं पोराला खुर्चीवर उभं करून माईक देतो.

मान्य, जगात वावरायचं तर चार माणसांत बोलावं लागतं. शिकेल ती. शाळेत बाईंशी बोलते, वॉचमनकाकांशी तर गप्पाच असतात. आणि हेही मान्य की कोरोनात जन्मली, वर्षभर घरातल्या माणसांशिवाय चेहरे बघितले नाहीत, त्याचा काही परिणाम असेल. आईला ते पटत नाही. ती म्हणते, "तू पण आसाच होतास." हे मला आज सकाळपर्यंत माहीत नव्हतं.

चुलतभावानं गोगलगायीवरून मला सुनावलंय. 2022 साली ह्याच शंखी गोगलगायींनी लातूरकडे कोवळं सोयाबीन खाऊन टाकलं, त्याला दुबार पेरणी करावी लागली. पोती भरभरून वेचल्या त्यांनी, मिठाच्या पाण्यात टाकल्या. त्याचं बरोबर आहे, त्याच्या रानात मीही वेचायला बसेन. पण ठमीला तिच्या समोर एक जीव रस्त्याच्या मधोमध दिसला. मोठी झाली की तिला सोयाबीनचंही सांगू.

आता तुम्हाला ठमी खरंच कोण आहे ते सांगतो, कारण व्हिडिओत ते दिसत नाही. ती फ्रॉकची बटणं खालून वर लावते आणि कुणी मदत केली तर सगळी काढून पुन्हा लावते. कालच्या आधीचं सगळं 'परवा' असतं, तिच्या जन्मासकट. काही विचारलं तर आधी "थांब, मला विचार करू दे" म्हणते आणि खरंच करते, कधीकधी उत्तर संध्याकाळी येतं. कुकरच्या शिट्ट्या ती मोजते, बायको तिलाच विचारते किती झाल्या. लहानपणी बोरन्हाणाला बाकीची पोरं बोरं आणि चुरमुरे गोळा करायला तुटून पडली, ही डोक्यावरून घरंगळलेलं एकच बोर दोन्ही हातांत धरून बघत बसली होती. तेव्हाही कुणीतरी म्हणालं होतं, "मागे पडेल ही."

मागे पडेल म्हणे. एका पोरीनं हात वर केला आणि रस्ता थांबला, माणसांनो!

रात्री घरी आल्यावर तिनं पहिलं काय विचारलं माहितीये? "केक उरला का? वॉचमनकाकांना दिला का?" दिला नव्हता. तिघं खाली गेलो. साडेदहा वाजले होते. तिनं स्वतः डबा त्यांच्या हातात दिला, ते म्हणाले, "हॅपी बर्थडे, बेटा," आणि तिनं हळूच त्यांचं करंगळीचं टोक धरलं. तिच्या लेखी वाढदिवस तिथे झाला असावा.

पुढच्या वर्षी ऐंशी माणसं नाहीत. आजी, रव्याचे लाडू, आणि ती म्हणेल ती दोन मुलं. राहिलेल्यांनी राग मानू नका, आणि मानलात तर मानलात.

आत्या, तू हे वाचशील. तुझ्या मनात काही वाईट नव्हतं, मला माहीत आहे, लहानपणी ताप आला की तूच माझ्या उशाशी बसायचीस. पण तो व्हिडिओ ग्रुपवरून काढ. आज काढ. ती उद्या मोठी होईल, वाचायला शिकेल, आणि ते हसणारे चेहरे मोजेल, मोजायची तिला सवय आहे. आणि दिवाळीला ये. आल्याआल्या तिला नाव विचारू नकोस, जवळ ओढू नकोस. तिच्या शेजारी भिंतीला टेकून बस आणि शेंगा सोलायला घे. ती येईल.

पाऊस परत सुरू झालाय. ठमी रेनकोट घालून दारात उभी आहे, बटणं खालून वर चाललीत. गेटपाशी कुणी मधोमध आहे का ते बघायला जायचंय म्हणते. येतो जाऊन.