टेक्निकल रायटर टायपिस्ट नसतो

सध्या आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. कोडिंग जमलं नाही की माणूस टेक्निकल रायटर होतो. इंजिनिअर सांगेल ते इंग्रजीत टाइप करायचं, बस. कोकणात बसून ते काम होत नाही, इथे लोक गळाने मासे गरवण्यात आणि दशावतारात वेळ घालवतात. आणि आता एआयमुळे तेही संपणार. बारावीनंतर काय करायचं या विचारात असलेली पोरं हे वाचतात आणि खरं मानतात. यंत्र किंवा सॉफ्टवेअर कसं वापरायचं याची पत्रकं, मॅन्युअल लिहायची, हे टेक्निकल रायटरचं काम. माझं पोट याच कामावर चालतं, म्हणून उत्तर देतोय.

आधी टायपिंगचं. लिहिणं हा या कामाचा शेवटचा टप्पा. जास्त वेळ जातो तो यंत्र किंवा सॉफ्टवेअर स्वतः चालवून बघण्यात आणि इंजिनिअरला ‘इथे चुकीचा आकडा टाकला तर?’ असं विचारत राहण्यात. वाडीतल्या विहिरीवरच्या पंपाचंच बघा. एका पंपासोबतच्या पत्रकात आधी छापलं होतं ‘स्विच चालू करा’, आणि पार खाली, ‘पंप कोरडा चालवू नये’. फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या तळाची झडप, गळका असेल तर पाइपातलं पाणी रात्रीत उतरतं आणि पंप कोरडा राहतो. पत्रकाबरहुकूम स्विच दाबणारा माणूस खालची ओळ वाचेस्तोवर सील जळायला लागलेलं असतं. वाक्यं सगळी बरोबर होती, क्रम घातक होता. धोक्याची सूचना कृतीच्या आधी द्यायची, हा आमच्याकडे अगदी पहिला धडा.

याची किंमत कधी जिवावर बेतते. थेराक-25 या किरणोपचार यंत्राने 1985 ते 1987 या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण दिले. त्यातले काही दगावले. मूळ दोष सॉफ्टवेअरचा आणि सुरक्षा-रचनेचा, यात वाद नाही. पण 1986 मध्ये टेक्सासमधल्या ऑपरेटरला पडद्यावर दिसलं ते फक्त ‘मालफंक्शन 54’, म्हणजे ‘बिघाड 54’. त्याचा नीट खुलासा सोबतच्या एकाही मॅन्युअलमध्ये नव्हता. तिने उपचार पुढे चालू ठेवण्याची कळ दाबली. सांगा, हे टायपिस्टचं काम आहे का?

कोडिंगचं थोडक्यात: एपीआयची, म्हणजे एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी बोलायच्या सोयीची, माहिती लिहिणाऱ्याला कोड वाचावा लागतो आणि नमुन्याचा प्रत्येक तुकडा स्वतः चालवून बघावा लागतो.

आता कोकण. वीज जाते, हे खरं. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे अंधार होता. पण आमच्या फायली म्हणजे साधा मजकूर, काही किलोबाइटांचा. गिट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये फायलींतल्या बदलांची नोंद आपल्याच लॅपटॉपवर होते. नेट लागतं ते फक्त पाठवताना. बॅटरी असेपर्यंत काम चालतं.

आणि गरवण्याला नावं ठेवणाऱ्याने एकदा समुद्रकाठच्या खडपावर येऊन बसावं. भरतीची वेळ काढायला इथली म्हातारी माणसं सांगतात, तिथीची पाऊणपट करा. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, भरती सहाच्या सुमारास, दशमीला साडेसात. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, त्याच्याशी हा हिशेब जवळपास जुळतो. ढोबळ आहे, उधाणाच्या दिवसांत तक्ताच बघावा. पण तोंडपाठ राहणारी, हात ओले असताना वापरता येणारी सूचना कशी असते, हे मी कुठल्याही कोर्सपेक्षा या हिशेबातून जास्त शिकलो. दशावताराला मात्र मी आवडतो म्हणूनच जातो. प्रत्येक छंदाने कामाला हातभार लावलाच पाहिजे, असं कुणी ठरवलं?

राहिला एआय. तो आधी लिहिलेल्यावरून छान वाक्यं जुळवतो, मीही कच्चा खर्डा करायला वापरतो. नुसता खर्डा पाडून देणाऱ्यांची कामं कमी होतील, हे मान्य. पण बाजारात अजून न आलेल्या यंत्राबद्दल कुठेच काही लिहिलेलं नसतं. ते सुरू करून, चुकीचं बटण दाबून, काय बिघडतं ते कुणीतरी आधी बघावं लागतं.

ज्यांना यात यायचंय त्यांनी मार्कडाउन, म्हणजे साध्या मजकुरात शीर्षकं-याद्यांच्या खुणा करायची पद्धत, शिकावं, ते फार अवघड नाही, मग गिट. लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस-सॉफ्टवेअरची मार्गदर्शक पुस्तकं स्वयंसेवक मिळून लिहितात. त्यातलं एक प्रकरण उघडा, प्रत्येक पायरी आपल्या मशीनवर करून बघा, आणि जिथे अडाल ती जागा त्यांना कळवा.