‘शेंबडं पोरही सांगेल’: एका प्रतिक्रियेला उत्तर

जुन्या ग्रामोफोन रेकॉर्ड्सच्या आजच्या भावावर मी लिहिलं, नुसत्या वयावर भाव ठरत नाही असं म्हटलं, त्याखाली ‘तबकडीप्रेमी’ या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: जुनी रेकॉर्ड दरवर्षी दुर्मीळ होत जाते, म्हणजे तिचा भाव वाढतच जाणार, ‘हे शेंबडं पोरही सांगेल’. बीटल्सचं उदाहरण मी मुद्दाम टाळलं. ७८ च्या तबकड्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या जुन्या रेकॉर्ड्स, मी एका वाक्यात निकालात काढल्या. मोठे व्यवहार संग्राहक आपसांत करतात, ते माझ्या आकड्यांत येत नाहीत. जुन्या प्रेसिंगचा, म्हणजे त्या काळी छापलेल्या प्रतींचा, आवाज नव्याला येत नाही. आणि शेवटी, ‘लेखक साहेबांना लोकांकडून फुकटात माल उचलायचा आहे हे उघड आहे’.

साहेब नाही. लेखभर ‘लिहिते’, ‘ऐकते’, ‘सांगते’ असं आहे. पूर्ण वाचला असतात तर दिसलं असतं.

मतभेदाचं मला वावडं नाही. इथे लोक माझ्याशी रोज वाद घालतात, काही जण माझ्यापेक्षा खूप जास्त जाणतात आणि तरीही नीट बोलतात. तुम्ही मात्र पहिल्या ओळीपासून बाह्या सरसावूनच आलात. तेव्हा थोडं सहन करा.

७८ च्या बाबतीत तुमचं म्हणणं मान्य. १९२०-३० च्या दशकांतल्या काही अमेरिकन ब्लूज तबकड्यांना आज प्रचंड भाव आहे. टॉमी जॉन्सनची पॅरामाउंट कंपनीची एक तबकडी २०१३ मध्ये ३७,१०० डॉलरला गेली. तिथे अजून एक वाक्य हवं होतं. पण लाखेच्या बाकी बहुतेक तबकड्या फुकट देतो म्हटलं तरी न्यायला कुणी येत नाही, हे तुम्हालाही ठाऊक असणार.

आता ते शेंबडं पोर.

वयावर भाव ठरत असता तर लाखेच्या तबकडीपुढे कुठलीही एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी मोठी व्हिनाइल (प्लास्टिकची) रेकॉर्ड, उभी राहिली नसती. एलपी आली १९४८ मध्ये, कोलंबियाने आणली. मिनिटाला ४५ फेरे घेणारी छोटी रेकॉर्ड त्याच्या पुढच्या वर्षी आरसीए व्हिक्टरने. त्याआधीचं सगळं घराघरांतून पडून आहे आणि बहुतेकांना गिऱ्हाईक नाही. उलट १९७७ ची एक गोष्ट घ्या. सेक्स पिस्टल्स या ब्रिटिश पंक बँडचं ‘गॉड सेव्ह द क्वीन’ ए अँड एम कंपनीने छापलं, काही दिवसांतच बँडशी करार मोडला आणि तयार माल नष्ट केला. जे थोडे नग वाचले त्यांना आज हजारो पौंड मिळतात. तेच गाणं त्याच वर्षी मे महिन्यात व्हर्जिनने काढलं, ते भरपूर खपलं, आणि ती रेकॉर्ड आज कुणालाही सहज परवडेल. गाणं एक, साल एक, वयात फरक काही महिन्यांचा. फरक आहे तो मधल्या कागदी लेबलाचा आणि किती नग उरले त्याचा. पोराला हे कसं समजावणार आहात?

बीटल्सचं उदाहरण मी टाळलं कारण ते नेहमी चुकीच्या कामाला जुंपलं जातं. १९६८ च्या त्यांच्या पांढऱ्या कव्हरच्या अल्बमवर नंबर छापलेले होते. त्यातली ००००००१, म्हणजे पहिल्या नंबरची प्रत बीटल्सचाच ड्रमर रिंगो स्टारकडे होती. २०१५ च्या लिलावात ती ७,९०,००० डॉलरला गेली. पैसे मोजले गेले ते त्या नंबराचे आणि ती ज्याच्या घरात होती त्याचे. त्याच अल्बमच्या लाखो प्रती निघाल्या. तुमच्या प्रतीवरही नंबर असेल, बराच मोठा असेल.

राहता राहिलं ‘दुर्मीळ होत जाते’. वस्तू कमी होतात हे खरं, पण घेणारेही कमी होतात, ते तुम्ही धरतच नाही. ज्या पिढीने अमुक गायकाला तरुणपणी डोक्यावर घेतलं ती पिढी थकली की तिच्या रेकॉर्ड्स एकदमच बाजारात येतात, आणि पुढच्या पिढीला ते गायकच नको असतात. अमेरिकेत २०२२ मध्ये व्हिनाइलचे नग सीडीपेक्षा जास्त खपले, १९८७ नंतर पहिल्यांदाच. हा आकडा तुम्ही माझ्या तोंडावर मारलात, म्हणून सांगते, तो नव्या रेकॉर्ड्सच्या विक्रीचा आहे. ज्याला फक्त गाणी ऐकायची आहेत तो नवी कोरी घेऊन मोकळा होतो. खास पहिल्याच प्रेसिंगच्या मागे लागणारे वेगळे, आणि ते मोजकेच.

आणि ‘जुनी’ म्हणताना ती कशा अवस्थेत आहे हे तुम्ही विचारतच नाही! ‘गोल्डमाइन’ मासिकाची प्रतवारी जगभर वापरतात. तिच्या हिशेबाने निअर मिंटला (जवळजवळ नवी) जो भाव, त्याच्या साधारण निम्मा व्हीजी प्लसला (थोडी वापरलेली) आणि पाव व्हीजीला (‘व्हेरी गुड’, पण वापराच्या खुणा स्पष्ट). घरात वाजवून वाजवून जीव काढलेली रेकॉर्ड बहुधा व्हीजीच्याही खाली असते.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. काकांचा संग्रह मीच विकला. काका अत्यंत टापटिपीचे, रेकॉर्ड्स उभ्या ठेवायचे, उन्हाची तिरीप येऊ द्यायचे नाहीत. पण प्रत्येक कव्हरवर बॉलपेनने स्वतःचं नाव घातलेलं, आणि त्यांच्या जुन्या प्लेअरचा हात इतका जड की चाकोरीच खरवडून निघालेली. घ्यायला आलेल्या माणसाने एकेक रेकॉर्ड उजेडात तिरकी धरून पाहिली, थोड्या बाजूला काढल्या आणि बाकीच्या तशाच ठेवल्या. मी त्याला जे जे बोलले ते साधारण तुमच्या प्रतिक्रियेसारखंच होतं. नंतर त्याने नाकारलेल्या रेकॉर्ड्स मी स्वतः हेडफोन लावून ऐकल्या. प्रत्येक उंच सुराला फरफर. त्याने काही लुबाडलं नव्हतं.

तेव्हा विकणारी मी होते. फुकटात माल उचलणारी ‘पार्टी’ होण्याची संधी मला अजून मिळालेली नाही. शिवाय त्याच लेखात मी लेबलाजवळच्या रिकाम्या पट्टीवरचा मॅट्रिक्स नंबर, म्हणजे कुठलं प्रेसिंग ते ओळखायला कोरलेला क्रमांक, कसा वाचायचा ते सांगितलं, आणि डिस्कॉग्स या रेकॉर्ड्सच्या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर मागितलेला भाव न पाहता प्रत्यक्ष विकला गेलेला भाव पाहा असंही बजावलं. लुटायला निघालेला माणूस आधी हिशेब शिकवून जातो का?

आपसांतले व्यवहार होत असतील. तुमच्याकडे आकडे असले तर द्या, नसले तर सोडा. आवाजाचा विषय मोठा आहे, इथे नको.

तुमच्या कपाटातल्या ‘खजिन्या’चा उल्लेख तुम्ही दोनदा केलात, पण एकाही रेकॉर्डचं नाव दिलं नाहीत. द्या की. लेबलावर काय छापलंय, रिकाम्या पट्टीवर काय कोरलंय, कव्हरच्या कडा फाटल्यात का, एवढं लिहा. त्याच नंबराच्या, त्याच अवस्थेतल्या रेकॉर्ड्स अलीकडे कितीला गेल्या ते मी इथेच सगळ्यांसमोर मांडते. फोटो मात्र खिडकीच्या उजेडात, रेकॉर्ड तिरकी धरून काढा. फ्लॅश मारू नका, त्यात ओरखडे दिसत नाहीत.