गिऱ्हाइकाला न भेटता मार्केटिंग कसं पास व्हावं

बीबीएच्या पहिल्या वर्षाला ‘प्रिन्सिपल्स ऑफ मार्केटिंग’ लागलाय म्हणून धसका घेऊ नका. या विषयात फक्त एका गोष्टीपासून लांब राहायचं असतं, ती म्हणजे गिऱ्हाईक. बाकी सगळं पाठ होतं.

व्याख्या कुणाचीही असो, खाली नाव कोटलरचंच टाका. प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन हे चार पी मांडले जेरोम मॅकार्थीने, १९६० मध्ये. फिलिप कोटलरचा जाडजूड ग्रंथ आला १९६७ ला. पण मॅकार्थी लिहिलंत तर पेपर तपासणाऱ्याला वाटणार, पोरगं नाव चुकलं. समोरच्याला ओळखीचा माल द्यावा, हे एक तत्त्व तरी तुम्हाला नकळत कळलं म्हणायचं. माणसाच्या गरजांच्या पायऱ्या सांगणाऱ्या मानसशास्त्रज्ञ मास्लोच्या १९४३ च्या मूळ लेखात तो गरजांचा प्रसिद्ध त्रिकोण कुठेच नाही. तुम्ही मात्र पेन्सिलीने, पट्टी लावून काढा. मार्क त्रिकोणाला असतात, मास्लोला नाही.

उदाहरणं दहा-बारा कशाला जमवताय? टाटांची एक नॅनो पुरते. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत ती दाखवली, लाख रुपयांची गाडी म्हणून देशभर गाजली आणि २०१८ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे ‘किंमत ठरवण्याचे यशस्वी धोरण’ विचारलं तरी नॅनो, आणि ‘पोझिशनिंग (म्हणजे गिऱ्हाइकाच्या मनात मालाची जागा) का फसते’ विचारलं तरी नॅनोच, कारण सगळ्यात स्वस्त गाडी दारात उभी करायला मध्यमवर्गाला लाज वाटली. गाडी तीच, फक्त विशेषण बदला. ‘प्लेस’च्या प्रश्नात तर बहार आहे. प्लेस म्हणजे माल गिऱ्हाइकापर्यंत पोचवायची वाट, वितरक, दुकानदार वगैरे. पण तुम्ही खुशाल लिहा की नॅनोचा कारखाना बंगालमधल्या सिंगूरहून गुजरातेत साणंदला गेला म्हणून प्लेस बदलली. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी हेच लिहिलं होतं. दोन पानं भरली आणि मार्कही पडले.

थिओडोर लेव्हिटने १९६० मध्येच बजावलं होतं की अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्या स्वतःला रेल्वेवाल्याच समजत बसल्या, आपला धंदा वाहतुकीचा आहे हे विसरल्या आणि गिऱ्हाईक घालवून बसल्या. हे उत्तर पाच मार्कांचं, तेव्हा पाच ओळींत आटपा. आपलं कॉलेज स्वतःला कशाचं दुकान समजतं, असला प्रश्न मध्येच डोक्यात आला तर पाणी पिऊन या. तो आयएमपी नाही.

आता प्रोजेक्ट. ‘शहरातील फेसवॉश वापरणाऱ्या ग्राहकांचे समाधान : एक अभ्यास’, नमुना शंभर. चुकूनही रस्त्यावर जाऊन कुणाला विचारू नका. लोक हो-नाही असं सरळ बोलत नाहीत, “साबण संपला की मुलीचं घेतो” असलं काहीतरी सांगतात आणि त्याला प्रश्नावलीत रकाना नसतो. चार भिडू, चार पेनं आणि कँटीनचं कोपऱ्यातलं टेबल एवढं सामान पुरे. निळं बॉलपेन, काळं जेल, एकाने डाव्या हाताने लिहायचं. मधूनमधून ‘असहमत’वर टिक करा, नाहीतर संशय येतो. वयाकडे तेवढं लक्ष ठेवा. आमच्यातल्या एका महाभागाने कंटाळून सगळीकडे वय १९ आणि वार्षिक उत्पन्न दहा लाखांच्या वर अशी टिक केली. त्यामुळे आमच्या अहवालात एकोणीस वर्षांचे चाळीस लक्षाधीश फेसवॉशवर पूर्ण समाधानी निघाले. सरांनी सही केली. निष्कर्ष तर आम्ही सर्व्हेच्या आधीच टाइप करून ठेवला होता. वेळेचं नियोजन म्हणतात ते हेच.

आणि हो, कॉलेजच्या गेटसमोर पोह्यांची गाडी लावणाऱ्या मावशींकडे अभ्यासाच्या दिवसांत जास्त बघत बसू नका, सिलॅबस बिघडतो. वर्षभर प्लेट वीस रुपयांनाच. आधी दोन डाव भरून पोहे यायचे, आता दीड येतो आणि वर शेव जास्त पडते; कुणी हूं की चूं करत नाही. हॉस्टेलच्या पोरांची उधारी वहीत, महिन्याची मनिऑर्डर घरून कधी येते ते मावशींना तोंडपाठ. सरांना स्टीलची ताटली, आपल्याला कागदी. वेंडेल स्मिथने बाजाराचे असे गट पाडायची कल्पना १९५६ मध्ये लिहून ठेवली, ती मावशींपर्यंत अजून पोचलेली नाही. सकाळी पहिलं गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की त्या म्हणतात, “घे बाबा, भवानीची वेळ आहे,” आणि लिंबाची जादा फोड ठेवतात. भवानी हा शब्द कुठल्याच गाइडमध्ये सापडणार नाही. प्रेडेटरी प्रायसिंग, म्हणजे दुसऱ्याचं दुकान बुडवायला मुद्दाम तोट्यात विकणं, ते सापडेल.

एकदा मला वाटलं, शंभरातला एक तरी फॉर्म खरा भरावा. मावशींपुढे धरला. त्यांनी हात पुसले, कागद उलटा करून पाहिला.

“मागून कोरा आहे होय रे?”

“हो मावशी. पण तुम्ही कुठला फेसवॉश...”

“असे किती आहेत?”

साठ उरले होते. सगळे घेतले आणि संध्याकाळच्या भज्यांसाठी चौकोनी फाडून गाडीच्या दांडीला अडकवले. तुमच्याही प्रश्नावल्या उरतील, तर रद्दीत घालू नका. मावशींनी सांगून ठेवलंय, पुढच्या बॅचला म्हणावं जरा जाड कागदावर काढा, तेल झिरपतं.